रिकामी बॅटरी

११ मार्च

मामा,

नमस्कार आधीच करून टाकते. शेवटी कागद संपला की तू म्हणतोस, पोरगी बोलकी झाली पण रीत विसरली. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतोस, म्हणून पत्रच बरं.

गेल्या आठवड्यात आमच्या क्लबची शर्यत झाली. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये कार्पेट अंथरून ट्रॅक केला होता. आम्ही सगळे हातात रिमोट घेऊन मचाणावर ओळीने उभे, आणि खाली आमच्या बूटभर लांबीच्या गाड्या उंदरांसारख्या सुसाट. तू दिलेली निळी गाडी अजून सगळ्यात देखणी आहे. मी शेवटून दुसरी आले. जो शेवटचा आला त्याचं चाकच निघालं होतं, त्यामुळे फार फुशारकी मारत नाही. तुझे जावई मात्र खाली सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की बायको दुसरी आली. 'शेवटून' हा शब्द केसांबरोबर झाडून टाकतात.

हरले ती तुझ्या जुन्या बॅटरी पॅकमुळे. शर्यत निम्मी झाली की ते धापा टाकतात. म्हणून एक नवा पॅक घेतला. साबणाच्या वडीएवढा, काळा, आणि इतका हलका की आत काही भरलंय का अशी शंका यावी. पहिल्या दिवशी गाडी अशी सुटली की मी ती थेट भिंतीवर नेऊन आदळली.

आता हॉलचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, दोनेक महिने शर्यती बंद. तोवर हा नवा पॅक कसा ठेवायचा ते सांग. दुकानातल्या बाईंनी काहीतरी सांगितलं होतं, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय.

माझं ठीक. लॅबमध्ये कवळ्यांचा पूर आलाय. गावातल्या सगळ्यांचे दात एकदम पडले की काय कळत नाही.

तुझी भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

पत्र दोनदा वाचलं. भिंतीवर आदळलेल्या गाडीचा पुढचा दांडा तपास, तो दिसायला सरळ आणि आतून चिरलेला असतो.

आता पॅकचं. हे नीट वाच आणि चार्जरच्या वर चिकटवून ठेव. बॅटरी ठेवायची तर रिकामी ठेवायची. अर्धवट भरलेली ठेवलीस की तिला तेवढ्याचीच सवय लागते, मग कितीही भर, ती अर्धंच काम करते. बसच्या हेडलाइटचा जुना बल्ब पाठवतोय, तो जोड. तो पिवळा होईल, मग लालसर, मग विझेल. विझला तरी लगेच काढू नकोस, शेवटचा थेंब निघू दे. माझे सगळे पॅक असेच ठेवले, आणि एकाने दगा दिला नाही.

पुन्हा काढशील तेव्हा चार्जर कदाचित कुरकुरेल. बीप बीप करून नाही म्हणेल. घाबरायचं नाही. त्याला निकेलच्या सेटिंगवर टाक, माझे सगळे पॅक त्यावरच चालले, आणि थोडा करंट दे, बॅटरी जागी होते. गाढ झोपलेल्याला उठवताना आपण त्याची परवानगी घेतो का?

बस डेपोत माझी हयात गेली. ज्या बॅटऱ्या उचलायला दोन माणसं लागत त्या माझ्या शब्दाबाहेर नव्हत्या, तुझी साबणाची वडी काय घेऊन बसलीस.

इथे क्लबमध्ये चार्जिंगच्या टेबलाशी माझी खुर्ची अजून तशीच आहे. गाडी चालवणं डोळ्यांनी बंद केलं, पण विचारायला येतात लोक. बरं वाटतं. जावईबापूंना सांग, एखाद्या दिवशी खरोखर दुसरी येशील आणि त्यांना नवी थाप शोधावी लागेल.

मामा


३ एप्रिल

मामा,

बल्ब मिळाला, आणि तू सांगितलंस तसंच केलं. स्वयंपाकघरातला दिवा बंद करून आम्ही दोघं बघत बसलो. पिवळा, लाल, मग आतली तार नुसती निखाऱ्यासारखी, मग काही नाही. हे म्हणाले, एवढ्याशा डब्यात एवढा उजेड होता तर उगाच वाया घालवला, निदान एखाद्याची दाढी झाली असती.

दुकानातल्या बाईंना सहज बोलले. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, ही जात वेगळी आहे, हिला पूर्ण रिकामी करायची नसते, अर्धी भरून ठेवायची असते. मी म्हटलं, बाई, तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून माझा मामा हे करतोय. त्यावर त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. जरा जास्तच बोलले का मी?

पॅक आता कपाटात झोपलाय.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरे,

अजिबात जास्त बोलली नाहीस. दुकानदार विकायला बसलेला असतो. बॅटरी लवकर मेली की दुसरी खपते, एवढाच त्याचा सल्ला. आमच्या क्लबातही एक चष्मेवाला आहे, तो असंच काहीबाही सांगत असतो. मी त्याला म्हटलं, बॅटरी ती बॅटरी. सगळे हसले. तोही हसला, म्हणजे पटलं असणार.

तू माझी बाजू घेतलीस हे मी इथे दोघातिघांना वाचून दाखवलं.

मामा


२८ मे

भिंगरे,

तुमच्या हॉलचं छप्पर एव्हाना झालं असेल. पहिली शर्यत झाली का? पॅक कसा चालला? पुढचा दांडा तपासलास का? कळव. रोज पेटीत हात घालतो आणि विजेचं बिल घेऊन परत येतो.

मामा


१४ जून

मामा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कामाची गडबड आहे आणि घरातही बरंच काही चालू असतं. तू वेळेवर जेवतोस ना? डोळ्यांचे थेंब घालतोस ना?

शर्यतीला मी सध्या जात नाही. पुढेही जाईन असं वाटत नाही. घरात तो विषयच नको वाटतो. परवा मी दुसऱ्याच कशाला तरी चार्जर लावला होता, त्याचं बीप ऐकून हे खोलीतून उठून गेले. तेव्हा सगळं सामान खोक्यात भरून वर टाकलंय. गाडी शाबूत आहे, तिची काळजी करू नकोस.

एवढंच. बाकी ठीक.

भिंगरी


२ जुलै

जावईबापू,

तुम्हाला वेगळं पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. तुमचं आणि माझं कधी वाजलं नाही, आणि आताही वाजावं अशी इच्छा नाही. पण गप्प बसवत नाही.

हिची आई गेली तेव्हा ही पोर बोलायचीच बंद झाली होती. मी तिला शर्यतीला नेऊ लागलो आणि हातात रिमोट दिला, तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला. तो शब्द 'अजून' असा होता. ती गाडी म्हणजे तिचा पोरखेळ नाही. आता तिने सगळं खोक्यात भरून वर टाकलं आहे, कारण घरात तो विषय काढायची सोय नाही आणि नुसता चार्जर वाजला तरी तुम्ही उठून जाता.

बायकोने एखादी गोष्ट आपल्यापेक्षा जीव लावून केली की काही पुरुषांना ती टोचते. तुम्ही तसे नाही असं मी समजत होतो. तुम्ही गिऱ्हाइकांना तिचं कौतुक सांगता ते तरी खरं होतं की त्याही दुकानातल्या गप्पाच?

मोठा आहे म्हणून बोललो. लागलं असेल तर लागू द्या.

मामा


२० जुलै

मामा, नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. घाईत लिहितोय.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मीच तिला बंद कर म्हटलं. घरात सामानाचा पसारा होतो. काही दिवसांनी माझंच मन बदलेल, तेव्हा ती जाईल शर्यतीला. तिला या पत्राबद्दल काही लिहू नका.

राग नाही. तब्येत सांभाळा.

तुमचा जावई


२३ जुलै

मामा,

तुझं त्यांना आलेलं पत्र मला आज सलूनमध्ये सापडलं, कंगव्यांच्या कपाटात. त्यांनी तुला काय उत्तर दिलं तेही मी विचारून घेतलं. आता मी लिहिलं नाही तर मला स्वतःचं तोंड पाहवणार नाही. तू बसून वाच.

त्यांनी ते अक्षर डाव्या हाताने काढलंय.

हॉल उघडला त्या आठवड्यात मी पॅक बाहेर काढला. संध्याकाळी शर्यत होती म्हणून दुपारीच लॅबमधून घरी आले होते. चार्जर नाही म्हणाला. तू लिहिलं होतंस तसं निकेलवर टाकलं आणि तो लागला. आकडे वर चढायला लागले. मला इतका आनंद झाला, म्हटलं, बघा बाई, जागा झाला माझ्या मामाचा पॅक. जेवणाच्या टेबलावर तो तसाच ठेवून मी गच्चीवर वाळलेल्या चादरी आणायला गेले. तिथे शेजारीण भेटली. तिच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोलत बसलो. किती वेळ ते मला सांगता येत नाही, आणि तेच मला सारखं आठवत राहतं.

हे जेवायला वर आले तेव्हा टेबलावर फुसफुस चालली होती. पॅक उशीसारखा फुगला होता. शेजारी पडदा होता, पलीकडे माझी गाडी. त्यांनी वायर ओढली आणि तो पॅक हातात उचलून बाल्कनीकडे धावले. बाहेर टाकायच्या आत तो हातातच फुटला.

मी चादरी खांद्यावर घेऊन जिना उतरत होते तेव्हा वास आला. दारात पोचले तर हे नळाखाली हात धरून उभे. मला बघून म्हणाले, "गाडी वाचली तुझी."

उजवा हात, मामा. तळवा, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. मांडीची कातडी काढून लावली. जखम आता भरलीय, पण अंगठा वाकत नाही. कात्री धरता येत नाही. सलूनमध्ये त्यांच्या हाताखालची मुलगी केस कापते आणि हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. गिऱ्हाईक म्हणतं, काही घाई नाही हो, तुम्ही बरे झालात की तुमच्याकडूनच कापून घेऊ. आणि मग तिच्यासमोर जाऊन बसतं. संध्याकाळी वर येतात तेव्हा हसून हसून त्यांचे गाल दुखत असतात.

चार्जर वाजला की ते उठून जातात ते यासाठी.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं तर तू त्या खुर्चीवर पुन्हा बसणार नाहीस हे मला ठाऊक होतं. त्यांनीही तेच म्हटलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, असं कसं झालं, तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "माझ्या मामाने सांगितलं होतं." हात त्यांचा भाजलेला आणि मी नाव तुझं घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "चूक माझी, मी हातात उचलायला नको होतं."

मामा, अजून एक आहे. पॅकवर छापलेलं होतं. लिथियम आहे, ठरावीक आकड्याखाली उतरवू नका, दुसऱ्या सेटिंगवर चार्ज करू नका. बारीक अक्षरात, पण मी तर दातांवरच्या रेघा बघणारी बाई. मी ते बल्ब जोडायच्या आधी वाचलं होतं. तुला लिहिलं नाही. तुझी माहिती जुनी झाली हे तुला माझ्याकडून कळू नये, असं वाटलं. तुला वाईट वाटू नये एवढ्यासाठी मी छापलेलं खोटं ठरवलं. त्याची किंमत त्यांच्या हाताने दिली.

भिंगरी


२१ ऑगस्ट

भिंगरे, आणि जावईबापू, तुम्हीही वाचा,

महिना होत आला. दर दिवशी कागद पुढे ओढला आणि परत सारला. काय लिहायचं हे कळत नव्हतं असं नाही. लिहिलं की ते खरं होणार होतं.

तू लिहिलंस की तू मला सांगितलं नाहीस. पण तू सांगितलं होतंस. दुकानातल्या बाई काय म्हणाल्या ते तुझ्या पत्रात होतं. साबणाच्या वडीएवढा, वजन नसलेला, हेही होतं. मी आयुष्यभर जे पॅक वापरले त्यांनी शर्टाचा खिसा फाटायचा. तो पॅक कुठल्या जातीचा हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. डेपोत कुणी नवी बॅटरी आणली तर मी आधी तिचं अंग वाचायचो, मग हात लावायचो. तुझ्या बाबतीत विचारलं नाही, कारण तू विचारलंस याचाच मला इतका आनंद झाला होता. आणि तो चष्मेवाला माझ्या बोलण्यावर हसला होता तो पटलं म्हणून नव्हे. त्याने माझं वय पाहिलं असणार.

जावईबापू, तुम्हाला मी ते पत्र लिहिलं. तुम्ही ते पट्टी बांधलेल्या हाताने फोडलं असेल. त्यातलं एकेक वाक्य मला पाठ आहे, विसरायचा प्रयत्न केला तर अधिकच आठवतं. तुम्ही डाव्या हाताने मला राग नाही म्हणून लिहिलंत, आणि मी ते अक्षर बघून शेजाऱ्याला म्हटलं, माणूस मनातून ओशाळला की हात असा कापतो. हेही तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो.

माझा सल्ला आणखी कुणी कुणी घेतला होता ते आठवून त्यांच्या घरी गेलो. एकाने तो ऐकलाच नव्हता, नुसती मान डोलावली होती. दुसऱ्या घरी बाईंनी पॅक रिकामा करून मुलीच्या कपड्यांच्या खणात ठेवला होता. अजून चार्ज केला नव्हता. मी तो माझ्या देखत बाहेर काढायला लावला. त्या म्हणाल्या, काका, तुम्हीच तर सांगितलं होतंत. मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं. चष्मेवाल्याकडे तो नेऊन दिला. त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

क्लबमधली खुर्ची मी घरी आणायला निघालो होतो. चष्मेवाला म्हणाला, राहू द्या, त्यावर मी बसतो आणि तुम्ही शेजारी बसा. आता शेजारी बसतो. तो सांगतो ते ऐकतो. निम्मं ऐकू येत नाही, पण उरलेलं आपल्या मनाने भरत नाही. पुन्हा विचारतो.

तुमच्या घरी यायला तोंड नाही. तुम्ही मला काहीही लिहिलंत तरी चालेल. काही लिहिलं नाहीत तरी ते बरोबरच असेल.

मामा


३० ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र आम्ही दोघांनी एकत्र वाचलं. 'ओशाळला' वाचून हे बराच वेळ हसले. मला हसू आलं नाही.

तू सगळं आपल्या अंगावर ओढून घेतलंस तर मी कुठे जाऊ? मलाही थोडं राहू दे. गच्चीवर मी होते, छापलेलं मी वाचलं होतं. हॉलचा रस्ता लागला की मी आजही वळसा घालून जाते. काल ह्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होते, तर म्हणाले, "तू अशी तोंड पाडून बटणं लावणार असशील तर मी आपला बनियनवरच जातो."

खाली त्यांनी लिहिलंय. अर्धा तास लागला, आणि मी वाचायचं नाही असं बजावलंय.

भिंगरी

मामा, नमस्कार.

हे उजव्या हाताने लिहितोय. अक्षर डाव्या हातापेक्षा वाईट आहे, पण उजव्याचं आहे. अंगठा थोडा वाकायला लागलाय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आता कात्री धरा, धरली नाही तर तो तिथेच अडकेल. टोपाचे केस कापून पाहिले. टोप हलत नाही आणि घाबरतही नाही, त्यात काय शिकणार. जिवंत डोकं पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगू शकत नाही. हाताखालच्या मुलीने मान पुढे केली, पण तिचं लग्न ठरलंय. तुमची भाची बसायला तयार आहे, पण खुर्चीत बसल्या बसल्या रडते आणि डोकं हलतं.

तेव्हा तुम्ही या. केस आहेत ना अजून?

तुमचा जावई


२६ सप्टेंबर

भिंगरे,

पोचलो. गाडीत जागा मिळाली, डब्यातलं सगळं खाल्लं.

तू सकाळी कामावर गेल्यावर काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. संध्याकाळी तू माझं डोकं बघून तोंडावर हात ठेवलास आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. म्हणून सांगतो.

त्यांनी सलूनचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. हाताखालच्या मुलीला काहीतरी आणायला पाठवलं, खरं म्हणजे कुणी बघायला नको होतं. मला खुर्चीत बसवलं, अंगावर कापड टाकलं. मानेमागची गाठ मारायलाच त्यांना बराच वेळ लागला. मी हात मागे नेला, तर म्हणाले, "राहू द्या."

समोर आरसा. मी बसल्यापासून त्यांचा हात बघायचा टाळत होतो, आणि आता तो माझ्या कानाशी होता. अंगठ्याची कातडी गुळगुळीत, वेगळ्याच रंगाची, दुसऱ्याच्या शर्टाचं ठिगळ लावावं तशी. कात्रीच्या कडीत अंगठा घालताना त्यांनी दात आवळले. आरशातून बघतोय हे त्यांना कळलं. म्हणाले, "मान खाली."

मी मान खाली घातली. मग कात्री चालू झाली. करकर, मग थांबायची. मग पुन्हा करकर. मध्येच ती हातातून सुटली आणि फरशीवर वाजली. मी वाकायला गेलो तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला, स्वतः वाकून उचलली, धुतली, पुसली. पुन्हा सुटली. पुन्हा उचलली. मला ओळीने बोलायचं होतं. घरून गाडीत बसून मी सगळं जुळवून आणलं होतं, तुमचा मी किती अपराधी आहे वगैरे. मी म्हटलं, "जावईबापू, मला एक सांगायचंय." ते म्हणाले, "हलू नका, कानाजवळ आहे."

मान खाली असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी सरळ कापडावर पडत होतं. पांढरे केस आणि त्यांवर थेंब. त्यांना दिसलं असणार, कारण त्यांनी मध्येच थांबून टॉवेलने माझा चेहरा पुसला, केस लागलेत म्हणून पुसावा तसा.

पूर्ण झाल्यावर त्यांनी छोटा आरसा मागे धरला. "बघा," म्हणाले. "सरळ झालेत का?"

भिंगरे, त्या माणसाच्या कपाळावर घाम होता. मी तोंड उघडलं ते छान झालेत म्हणायलाच. मग तुझं पत्र आठवलं, मला वाईट वाटू नये म्हणून तू काय काय झाकलंस ते. त्यांनीही माझ्यासाठी पसाऱ्याचं कारण रचलं ते आठवलं. एकमेकांना बरं वाटावं म्हणून आपण तिघांनी केवढं करून ठेवलं.

मी म्हटलं, "नाही. डावीकडे तिरके आहेत. आणि मागे एक खड्डा पडलाय."

मला वाटलं, संपलं. मग त्यांनी आरसा खाली ठेवला आणि माझ्या मागे उभे राहून, समोरच्या आरशात बघत, मन लावून डावी बाजू पाहिली.

"चार महिने झाले," ते म्हणाले, "अक्षर दाखवलं तर सुंदर, बटण लावलं तर वा वा. माझा हात कसा चालतोय हे मला कुणीच सांगत नव्हतं."

त्यांनी कापडाची गाठ पुन्हा घट्ट केली. या वेळी ती लवकर बसली.

"मान खाली घाला," म्हणाले. "डावी बाजू परत करतो."

मामा